पान चौदा

नकाशांच्या कपाटामागे, दुसऱ्या मजल्यावर,
दोन टेबलं, एक हीटर,
दारावर चिकटवलेला कागद : प्रकाशन सेवा.
हीटर बुधवारी चालत नाही. का, ते कुणालाच ठाऊक नाही.
विल्बर नियतकालिकं बघतो.
एक कायद्याचं, एक मातीचं,
आणि एक, ज्याचे संपादक दर अंकाला राजीनामा देतात.
माझ्याकडे भांडार.
भांडार म्हटलं की आई फोनवर विचारते,
यंदा बटाटे किती आले?

जूनमध्ये डॉक्टर एवारिस्तो आले,
जनावरांचे डॉक्टर, बुटांवर वाळलेलं शेण.
म्हणाले, माझाच लेख मला उघडत नाही.
पडद्यावर एक चौकट एकेचाळीस डॉलर मागत होती.
वर त्यांचं नाव, आडनावातलं एक अक्षर गाळून.
मला हसू आलं, मग आलं नाही.
लेख अल्पाकाच्या पिल्लांवरचा :
पावसात जन्मतात, हगवण लागते,
तिसऱ्या दिवशी आईच्या पोटाशी थंड पडलेली असतात.
उपाय दीड ओळीचा.
गोठा हलवा, दर आठवड्याला, ओल्या जागेवरून.

दीड ओळ. एकेचाळीस डॉलर.

मी करार वाचला, सगळी अकरा पानं, बुधवारी, हातमोजे घालून.
छापलेली प्रत त्यांची.
छापण्याआधीची, डॉक्टरांनी टंकलेली, आमची,
पण बारा महिने मिटून ठेवायची.
फेब्रुवारीच्या अकरा तारखेपर्यंत.
पिल्लं जन्मतात जानेवारीपासून.
मी कायदा मोडला नाही.
हे सांगताना मान वर करावी की खाली,
अजून ठरलेलं नाही.
डॉक्टर जमेल त्या वस्तीवर जाऊन तोंडाने सांगत राहिले.
त्यांची जीप जमेल तिथवरच जाते.

मधल्या काळात मी रकाने भरले.
शीर्षक. भाषा. परवाना : कुणीही घ्यावं, नाव तेवढं सांगावं.
गाळलेलं अक्षर जागेवर बसवलं.
सारांश विल्बरच्या आजोबांकडून क्वेचुआत करून घेतला.
त्यांनी 'जिवाणू' या शब्दावर दोन संध्याकाळी घालवल्या
आणि शेवटी लिहिलं, न दिसणारा किडा.

मग पान चौदा. आभार.
छापलेल्या प्रतीत चार शब्द : स्थानिक पशुपालकांच्या सहकार्याबद्दल आभार.
डॉक्टरांच्या प्रतीत पूर्ण परिच्छेद.
'सातुर्निना कोआकिरा हिने सहा वर्षं
मेलेल्या प्रत्येक पिल्लामागे एक खडा
दुधाच्या पावडरीच्या डब्यात टाकला.
आजारी पिल्लाचा पांढरा, कोल्ह्याने नेलेल्याचा काळा.
तक्ता दोन हा तो डबा आहे.'

तक्ता दोन मी दहादा पाहिला होता.
सुबक उभ्या रेघा, खाली टीप.
कुठेही डबा दिसत नव्हता.

डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, एक रकाना रिकामा आहे,
माहिती कुणी गोळा केली, म्हणून.
पलीकडे कुत्री भुंकत होती, वारा होता.
म्हणाले, घाला. दोन्ही नावं घाला, आईकडचंही,
तिला अर्धं नाव चालत नाही.

अकरा तारखेला रात्री बाराला यंत्र आपोआप कुलूप काढतं.
माझी काही गरज नसते.
तरी मी जागी होते, पांघरुणात,
पान पुन्हा पुन्हा ताजं करत.
बारा वाजून दोन मिनिटांनी उघडलं.
डाउनलोड : एक. ती मीच.

आज बुधवार. बोटं बधिर.
आकडा एकतीसवर गेलाय.
लीमा, ला पास, कुठलंसं जर्मन शहर,
आणि एक टिंब सरोवराच्या बरोबर मधोमध, पाण्यात.
विल्बर म्हणतो, गाव सापडलं नाही
की यंत्र असंच करतं,
जवळपास कुठेतरी टेकवून देतं.
मी नकाशा मोठा केला, अजून मोठा.
निळं, नुसतं निळं,
आणि त्यात कुणीतरी
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
चौदाही पानं उतरवून घेतलेली.